युद्धाच्या दिवसांत तुमच्या शाळेत मुलं काय काय करायची? सोलापूरकरांनो, आठवणी लिहा

तळ्याकाठी

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका जुन्या मराठी शाळेत शिकवते. शिकलेही त्याच शाळेत. दिवाळीच्या सुट्टीत रंगकामासाठी ऑफिसातलं लोखंडी कपाट हलवलं, तेव्हा त्याच्यामागे लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. वर शाईने लिहिलंय, 'विद्यार्थी मंडळ, जमाखर्च, १९७१-७२'. सुरुवातीची पानं स्नेहसंमेलन, सहल, हस्तलिखिताचे कागद अशा नेहमीच्या खर्चाची आहेत. मग ४ डिसेंबर १९७१ ही तारीख येते आणि खाली एवढंच :

तपकिरी कागद, ६० ताव
मैदा, ३ किलो
मोरचूद, १ पुडी
खडूच्या पेट्या २ (वार्ताफलक)
अंतर्देशीय पत्रे, ५०

त्याखाली विद्यार्थी-सचिवाची सही आणि तिच्याखाली सरांची. ३ डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि शनिवारी शाळेतली मुलं मैदा आणायला बाजारात गेली होती! मी ते पान किती वेळ बघत बसले होते.

हा धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. ७ मे २०२५ ला सकाळी 'ऑपरेशन सिंदूर'ची बातमी आली आणि त्याच दिवशी देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाच्या तालमी झाल्या. शाळेला उन्हाळी सुट्टी होती. रात्री माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला, 'मॅडम, आपण काय करायचं?' मी म्हटलं, काही नाही, घाबरू नकोस, मोबाइल बाजूला ठेव आणि झोप. फोन ठेवला आणि मला माझंच उत्तर बोचायला लागलं. तिने भीती वाटते असं म्हटलंच नव्हतं. तिने काम मागितलं होतं.

१९६२, ६५, ७१, कारगिल, ज्यांना जे आठवत असेल ते लिहा. शाळेतल्या मुलांनी काय केलं, कोणी करायला लावलं, त्याचा उपयोग झाला का. २६ जानेवारीला शाळेत एक छोटं प्रदर्शन मांडायचं मनात आहे.

सहाचा भोंगा

बाई, मी १९७१ ला नववीत होतो. तुमच्याच शाळेत होतो की नाही ते सांगता येणार नाही, पण मैदा आणि मोरचूद वाचून ती खळ पुन्हा नाकात आली.

खळ कशी करायची ते आमच्या आळीतल्या पोरांना शिकवावं लागत नव्हतं. घरोघरी सूत, घरोघरी कांजी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या, मग उकळत्या पाण्यात धार धरून घोटायचा. शेवटी मोरचूद घालायचा, म्हणजे खळीला कीड लागत नाही आणि उंदीर कागद कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून सर स्वतः घालायचे आणि आम्हाला पातेल्याजवळ येऊ द्यायचे नाहीत. ती खळ फिकट निळसर दिसायची. खिडकीच्या प्रत्येक काचेवर आधी दोन पट्ट्या तिरप्या, फुलीसारख्या, आणि वर अख्खा ताव. पट्ट्या का, तर धक्क्याने काच फुटली तरी तुकडे उडू नयेत. हे सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. प्रयोगशाळेच्या वरच्या काचांपर्यंत आमचे हात पोचेनात, तेव्हा बाकावर बाक रचून चढलो.

शाळा झाल्यावर आम्ही गल्लीत गेलो. चौघांची एक टोळी, एकाच्या हातात बादली, एकाच्या कुंचा. घरमालक आधी नको म्हणायचे, मग चहा द्यायचे.

अजून एक काम होतं. अंधार पडला की गल्लीत फिरायचं आणि कुठल्या फटीतून उजेड दिसतोय ते बघायचं. दार वाजवून 'काकू, वरच्या झरोक्यातून दिसतंय' एवढंच सांगायचं. ओरडायचं नाही, शिट्टी मारायची नाही, दुसऱ्यांदा दिसलं तरी भांडायचं नाही. ही ताकीद होती.

माझे वडील मिलमध्ये होते. आमचं सगळं आयुष्य मिलच्या भोंग्यावर चालायचं. त्या दिवसांत आजी भोंगा वाजला की दचकायची. मग मी घड्याळ बघून तिला आधीच सांगून ठेवायचो, 'आता दोन मिनिटांनी वाजेल बघ, तो पाळीचाच आहे.' तेवढंच काम, पण ते माझं होतं.

कन्नाचौक

सोलापुरात खरंच ब्लॅकआउट होता का ओ? मुंबईचं ऐकून आहे. इथं कोण येणार होतं बाँब टाकायला?

सहाचा भोंगा

मुंबईइतका कडक नव्हता. आमच्याकडे तालमी जास्त आणि खरा अंधार कमी. पण ते आज कळतं. त्या तेरा दिवसांत आपल्याकडे विमान येणार नाही असं कोणी लिहून दिलं नव्हतं. शिवाय इथे रेल्वे, मिल, एवढं मोठं स्टेशन.

साखरपेठ

वहीतली ५० अंतर्देशीय पत्रं कशाला होती ते मी सांगतो. आमच्या शाळेतही होती, म्हणून माहिती.

पूर्व भागातली बरीच घरं आमच्यासारखी तेलुगू बोलणारी, माग चालवणारी. बायका दिवसभर कांड्या भरायच्या. लिहिता-वाचता येणाऱ्या फार थोड्या. ज्यांच्या घरातला माणूस सैन्यात होता, त्यांना पत्र लिहायला शेजारचा एखादा शिकलेला शोधावा लागायचा. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं, 'कोणाकोणाला तेलुगू येतं आणि कोणाचं अक्षर बरं आहे?' सहा जण उभे राहिलो. तेच आमचं पत्रलेखन मंडळ. शनिवारी शाळा सुटली की जायचं.

माझ्या वाट्याला शेजारच्याच अक्का आल्या. तेव्हा त्या एकोणीस-वीस वर्षांच्या, नुकतं लग्न झालेल्या. नवरा कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' एवढंच. गावाचं नावच नाही. 'हे कुठलं गाव रे?' असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलं की सैनिक कुठं आहे ते कळू नये म्हणूनच पत्ता असा असतो. पत्र बरोबर त्याच्या हातात जातं. ते अक्कांना समजावून सांगताना मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं!

नवरा मराठी शाळेत शिकलेला. त्याला तेलुगू बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणून आम्ही तेलुगू पत्र देवनागरीत लिहायचो. 'एट्लुन्नरु?', म्हणजे 'कसे आहात?', इथून सुरुवात. त्या सांगायच्या ते असं : मागाचा धोटा फुटला, नवा आणला. सासऱ्यांचा खोकला कमी आहे. सूत महागलं. शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं आहे.

मला वाटायचं, युद्ध चाललंय आणि ही शेळीचं काय सांगते! पहिल्या पत्रात मी माझ्या मनाने दोन ओळी घातल्या, 'शत्रूचा नायनाट करून विजयी होऊन या' अशा काहीतरी. सरांनी पत्र बघायला मागितलं नाही, पण काय लिहिलं ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, 'ते पत्र तुझं नाही, तिचं आहे. ती सांगेल तेवढंच लिहायचं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं.' ते अंतर्देशीय वाया गेलं. दुसरं मी माझ्या पैशाने आणलं.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, उत्तर आलं. मराठीत. मी वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, काळं पिल्लू विकू नका, मी आल्यावर बघतो.

तो परत आला. पुढं कित्येक वर्षं मला रस्त्यात भेटला की 'लेखक' म्हणून हाक मारायचा.

तळ्याकाठी

हे वाचून मी ती वही पुन्हा उघडली. २७ डिसेंबरला आणखी २० अंतर्देशीय पत्रांची नोंद आहे. म्हणजे युद्ध संपल्यावरही हे काम चालू होतं.

अक्का आहेत का हो अजून?

तिकीटवेडा

मी तेव्हा सहावीत. आमच्या शाळेत तिकीटसंग्रह मंडळ होतं. त्यातून मला बांगलादेशचं युद्ध कळलं असं म्हटलं तरी चालेल. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर ५ पैशांचं जास्तीचं तिकीट लावायला लागायचं, पूर्व बंगालमधून आलेल्या शरणार्थींच्या मदतीसाठी. सुरुवातीला नवी तिकिटं छापून व्हायची होती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असा छापा मारलेला. डिसेंबरात खास चित्राचं वेगळं तिकीट आलं. हे सगळं मार्च १९७३ अखेरपर्यंत चाललं.

आम्ही वापरलेली पाकिटं गोळा करायचो. सरकारी कचेऱ्यांतून, वकिलांकडून, सुताच्या पेढ्यांमधून. तिकीट सोडवायला कोमट पाण्यात पाकिटाचा तुकडा ठेवायचा आणि वर्तमानपत्रावर उलटं वाळवायचं. छाप्याचा ठसा कधी वर, कधी खाली, कधी तिरका. आमच्या बाईंनी भिंगाखाली ते दाखवलं आणि विचारलं, 'हा ठसा घाईत का मारला असेल?' मग नकाशा काढला. एक कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून आपल्याकडे आली होती, हे त्या दिवशी वर्गात ऐकलं. पाच पैशांच्या तिकिटामागे एवढी माणसं आहेत हे कळल्यावर वर्ग गप्प झाला होता.

दोन पानं तिकिटांची अजून आहेत माझ्याकडे. प्रदर्शनाला हवी असतील तर देतो, परत मात्र मिळाली पाहिजेत.

हुरडा

माझी आई १९६२ ला आठवीत होती, तिला विचारून लिहिते आहे.

२० ऑक्टोबरला चीनचं आक्रमण झालं आणि २१ नोव्हेंबरला तिकडून एकतर्फी शस्त्रसंधी झाली. बरोबर मध्ये दिवाळी. मुलींनी ठरवून फटाके घेतले नाहीत आणि ते पैसे राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. शाळेत डबा फिरायचा. एका मुलीने कानातलं काढून टाकलं, मग बाईंनी तिच्या घरी जाऊन विचारलं की हे घरच्यांना माहीत आहे का. माहीत नव्हतं. परत दिलं. त्याबद्दल आईला बाईंचं अजून कौतुक वाटतं.

मग लोकर आली. जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायचे. आता सोलापुरात लोकर कोण विणणार, आपल्याकडे थंडी ती किती! एका बाईंचं माहेर उत्तरेकडचं होतं, त्यांनी सगळ्यांना सुया धरायला शिकवल्या. आईचा मफलर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाला. बाईंनी तो अर्धा उसवला आणि पुन्हा विणायला लावला. म्हणाल्या, 'तिकडे बर्फात तो गळ्यात नीट बसला पाहिजे.'

आणि एक गोष्ट आई आवर्जून लिही म्हणाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९१० चा जन्म, १९३८ ला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात गेले, तिथेच जपानविरोधी युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वारले. वय अवघं बत्तीस. दरवर्षी शाळेत त्यांच्यावर कोणीतरी बोलायचं. १९६२ च्या डिसेंबरात मुलींनीच विचारलं, 'यंदा बोलायचं का?' बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, 'त्यांनी माणसं वाचवली. ते काय आज खोटं झालं का?' भाषण आईनेच केलं.

कन्नाचौक

युद्ध नाही, पण १९३० च्या मार्शल लॉमध्ये सोलापुरात गांधी टोपी घातली म्हणून पोरांना मार बसलाय. आमचे आजोबा सांगायचे.

तळ्याकाठी

त्याच्यावर वेगळा धागा काढूया, नक्की. त्याला या धाग्यात कोंबायला नको.

एकनजर

सगळं वाचतोय. भारावून जायला होतं. पण दुसरी बाजूही मांडावीशी वाटते, कारण प्रदर्शन लहान मुलांसाठी आहे.

मुलांना काम द्यावं हे खरं, पण ते काम कोण ठरवतो आणि कुठे थांबतो? १९४५ च्या मार्चमध्ये जपानी सैन्याने ओकिनावातल्या दोन शाळांमधल्या २२२ मुली आणि १८ शिक्षक जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी नेले. हिमेयुरी पथक म्हणून ते ओळखलं जातं. मुलींना वाटलं होतं, थोड्या दिवसांत परत येऊ. प्रत्यक्षात गुहांमधल्या इस्पितळांत, तोफांच्या माऱ्यात राहिल्या. १८ जूनला त्यांना सांगण्यात आलं की पथक बरखास्त, आता आपापलं बघा. समोर लढाई चालू असताना. सगळ्यात जास्त मुली त्यानंतरच्या काही दिवसांत मेल्या. निम्म्याहून अधिक परत आल्याच नाहीत. त्याही शाळकरीच होत्या. त्यांनाही काम हवं होतं.

अमेरिकेतली गोष्ट सौम्य आहे, पण तीही बघा. १९४२ ला नौदलाने तिथल्या शाळांकडून विमानांच्या ५ लाख प्रतिकृती मागवल्या, १:७२ प्रमाणात. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून. १९४४ ला मुलांना रानात पाठवून मिल्कवीडची बोंडं गोळा करवली. आपल्या रुईच्या कुळातलं झाड, ज्यातून म्हातारी उडते तसाच कापूस. जावामधून येणारा कपोक जपानने ताबा घेतल्यावर बंद झाला होता, म्हणून खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत हा भरायचा. दोन पोती बोंडं म्हणजे एक जाकीट. मला हे दुसरं काम पहिल्यापेक्षा जवळचं वाटतं. कोणीतरी बुडायचा वाचतो.

जुना कॅडेट

एकनजर, तुमचं पटतं, पण अर्धं.

मी शाळेत एनसीसीच्या ज्युनियर डिव्हिजनला होतो, मग कॉलेजात सीनियरला. चीनच्या युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ ला पुन्हा ऐच्छिक. सक्तीच्या वर्षांतले आमचे वरिष्ठ सांगायचे की अर्धी पोरं नुसती हजेरीला यायची. आम्ही मनाने आलो होतो. १९६५ आणि १९७१ मध्ये कॅडेट लढायला गेले नाहीत. दारूगोळ्याच्या कारखान्यांत मदत, नागरी संरक्षण, बचावकार्य, रहदारी सांभाळणं, अशी कामं त्यांनी केली. बंदूक हातात धरली म्हणून मूल युद्धखोर होत नाही. मी तर शिस्त, वेळ पाळणं आणि दुसऱ्याचं सामान उचलणं तिथेच शिकलो.

एकनजर

मी एनसीसीच्या विरोधात नाही, काका. मला एवढंच म्हणायचंय की जे काम मूल संध्याकाळी पूर्ण करून घरी जाऊ शकतं, ते मुलाचं काम. खळ, पत्र, मफलर, वार्ताफलक, सगळी तशीच आहेत.

जुना कॅडेट

हे मान्य. आमचीही परेड साडेनऊला संपायची आणि नंतर केळं मिळायचं.

बाळीवेस

मी कारगिलच्या वेळची. १९९९, सातवी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा युद्ध भरात होतं. टायगर हिल ४ जुलैला घेतल्याची बातमी आली त्या आठवड्यात प्रत्येक वर्गाला पोस्टकार्डं वाटली. फळ्यावर मजकूर लिहिलेला : 'प्रिय शूर जवान दादा...' सगळ्यांनी तोच उतरवायचा. मी खाली माझं एक वाक्य घातलं होतं, की माझा भाऊ पण तुमच्यासारखा उंच आहे. बाईंनी कार्ड बदलायला लावलं, कारण सगळी सारखी दिसायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते गठ्ठा स्वीकारल्याचा फोटो निघाला.

दहावीला असताना खेळाचं सामान काढायला आम्ही कोठीच्या खोलीत गेलो. लेझिमांच्या मागे तो गठ्ठा होता. सुतळी तशीच बांधलेली. चारशेच्या वर कार्डं. माझं मी शोधलं नाही.

आज चाळिशीला आले तरी तो गठ्ठा आठवला की गळा दाटतो. मुलं होतो, पण आम्ही खरंच लिहिलं होतं. साखरपेठ काकांच्या सरांसारखा एक माणूस आमच्या शाळेत असता तर!

बाई, तुम्ही मुलांकडून जे काही करून घ्याल, ते पोचतंय ना तेवढं बघा. पाचच पत्रं असू देत.

साखरपेठ

पोरी, वाचून वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.

तळ्याकाठी

बाळीवेस, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार कसे मानू! प्रदर्शनात तुमची ही आठवण लावू का? शाळेचं नाव कुठेही येणार नाही.

काल आठवीच्या मुलींना हा धागा वाचून दाखवला. खारकीवचंही सांगितलं. युक्रेनमधल्या या शहरात सायरन सतत वाजतो म्हणून तिथे सप्टेंबर २०२३ पासून भुयारी मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरतात, मुलं जमिनीखाली गाणी म्हणतात, बुद्धिबळ खेळतात. मुली गप्प ऐकत होत्या. मग प्रश्न सुरू झाले. खळ कशी करायची हे सगळ्यांना हवं होतं. मोरचूद नाही वापरणार, काका, काळजी नको.

पण सगळ्यात जास्त त्यांनी वार्ताफलक उचलून धरला. ज्या मुलीने मे महिन्यात फोन केला होता, ती म्हणाली, 'मॅडम, त्या रात्री आमच्या ग्रुपवर किती व्हिडिओ आले, निम्मे जुने होते, कुठल्या तरी गेममधले होते. कोणीच सांगत नव्हतं खरं काय आणि खोटं काय.' १९७१ ला वार्ताफलकाचा नियम काय होता ते कोणाला माहिती आहे का?

सहाचा भोंगा

माझ्या मित्राकडे होतं ते काम. सकाळी आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या, शाळेत सरांच्या ट्रान्झिस्टरवर पुन्हा ऐकलेल्याशी ताडून बघायच्या आणि मगच फळ्यावर. 'असं म्हणतात', 'असं कळतं' हे शब्द फळ्यावर चालायचे नाहीत. बाजारात कोणी सांगितलं की अमकं बंदर पडलं, तरी लिहायचं नाही. १६ डिसेंबरला ढाक्याची बातमी पसरली तेव्हा अख्खी शाळा फळ्यासमोर उभी, आणि हा पठ्ठ्या लिहीना. सर वर्गावरून आले, रेडिओ लावला, स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मग त्याने खडू उचलला.

तळ्याकाठी

सोमवारपासून आमच्या जिन्याजवळचा फळा आठवीच्या ताब्यात. नियम हाच. दोन ठिकाणी ताडल्याशिवाय खडू उचलायचा नाही. प्रथमोपचाराचं शिकवायला एक निवृत्त परिचारिका महिन्यातून दोनदा यायला तयार झाल्या आहेत. त्रिकोणी पट्टी, झोळी, रक्त थांबवणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं. युद्ध असो नसो, आपल्या हायवेवर लागणारंच शिक्षण आहे.

तिकीटवेडा, तुमची दोन पानं काचेखाली ठेवू आणि २७ तारखेला मी स्वतः घरी आणून देईन.

साखरपेठ

बाई, तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. अक्का आहेत. चौऱ्याहत्तर वय. नवरा चार वर्षांमागं गेला. काल मी जाऊन तुमच्या वहीचं सांगितलं. त्यांनी पेटीतून ती पत्रं काढली. त्यांनी पाठवलेली त्याने परत येताना सोबत आणली होती, सगळी आहेत. माझं अक्षर बघून मलाच ओळखू येईना. प्रदर्शनाला द्यायला तयार आहेत, पण एक अट घातली. त्या पत्रांत काय आहे ते त्या स्वतः सांगणार आणि कोणीतरी ते नीट लिहून घ्यायचं. मराठी येतं त्यांना, पण हे त्या तेलुगूतच सांगणार. मी लिहिलं असतं, पण हात आता थरथरतो.

तळ्याकाठी

आठवीत दोघी आहेत, घरी तेलुगूच बोलतात. दोघींचं अक्षर चांगलं आहे. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवते.

शनिवारी साडेअकराला शाळा सुटते. अक्कांना जिने चढायला लागू नयेत म्हणून खालचा वर्ग उघडा ठेवते. रिक्षा मी पाठवते.